गेमिंग पीसीचा प्रोसेसर: आधी मॉनिटर ठरवा

"आय-फाइव्ह घेऊ का आय-सेव्हन?" गेमिंग पीसी जुळवायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, इंटेल कंपनीच्या प्रोसेसरबद्दलचा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या कुठल्याही दुकानात तो विचारला की बहुधा उत्तर येतं, "बजेट असंल तर सेव्हनच टाका." माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर यायला हवा. पहिला प्रश्न, टेबलावर मॉनिटर कुठला असणार? दुसरा, गेम कुठले खेळणार? ही दोन उत्तरं पक्की झाली की प्रोसेसर जवळजवळ ठरतोच, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांना वाटलं होतं त्याहून स्वस्तातला निघतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात गेले तर खेळताना फरक डोळ्यांना दिसतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे नुसत्या नावावर जाताना बघितले की जीव हळहळतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघं मिळून तयार करतात. आधी प्रोसेसर हिशेब करतो. तुम्ही माउस किती हलवला, समोरचा गडी कुठं पळतोय, गोळी भिंतीला लागली का त्याला, गाडी उलटली तर कशी घसरत जाईल, सर्व्हरकडून काय निरोप आला, हे सगळं त्याचं काम. मग तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो की अमुक वस्तू अमुक जागी काढ, आणि कार्ड ती रंग, सावल्या, उजेडासकट काढतं. आपल्याकडचा साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. गाळप क्षमता कितीही मोठी असू दे, ऊस वेळेवर आला नाही तर 'नो केन' होऊन मिल थांबते. उलट गव्हाणीपुढं ट्रॉल्यांची रांगच लागली असेल तर आणखी ट्रॉल्या लावून गाळप वाढत नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मिल आणि प्रोसेसर म्हणजे ऊसवाहतूक. दोघांत जो हळू, त्याच्या वेगानं गेम चालतो.

आता मॉनिटरचं महत्त्व लक्षात येईल. मॉनिटरच्या दोन गोष्टी बघायच्या: रेझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर ठिपके किती, आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं. १०८०पी मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर जवळपास ८३ लाख. हे ठिपके रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. ठिपके चौपट झाले तरी प्रोसेसरचा हिशेब जवळजवळ तेवढाच राहतो, कारण मैदानात पळणारे गडी तेवढेच असतात. म्हणजे रेझोल्यूशन वाढलं की ताण कार्डावर येतो. रिफ्रेश रेटचं मात्र उलट आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला सेकंदाला ६० फ्रेम पुरवायच्या असतात, म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झला ६.९ आणि २४० हर्ट्झला जेमतेम ४.२. तेवढ्या वेळात प्रोसेसरला सगळा हिशेब उरकावा लागतो. रिफ्रेश रेट जितका जास्त, तितका प्रोसेसर दमदार हवा.

म्हणून १०८०पी, २४० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मनापासून खेळणाऱ्यानं प्रोसेसरवर हात सैल सोडला तर ते योग्यच आहे. या गेमची चित्रं साधी असल्यामुळं मध्यम कार्डही ती भराभर काढतं आणि अडतं ते प्रोसेसरपाशी. याउलट ४के टीव्हीला पीसी जोडून सायबरपंक २०७७ सारखा गेम रे ट्रेसिंग (उजेडाच्या किरणांचा खराखुरा हिशेब) चालू ठेवून खेळणाऱ्याला सहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) साधा प्रोसेसर आणि बाजारातला सगळ्यात महागडा गेमिंग प्रोसेसर यांच्यात फारसा फरक जाणवणार नाही. तिथं कार्डच घाम गाळत असतं. तिसरा एक प्रकार आहे जो लोक विसरतात: शहर वसवायचे, विमान उडवायचे, कारखाने उभारायचे सिम्युलेशन गेम. सिटीज स्कायलाइन्स २ मध्ये वस्ती वाढत गेली की प्रत्येक नागरिकाचा आणि गाडीचा हिशेब प्रोसेसरच्या माथी येतो. तिथं मॉनिटर ६० हर्ट्झचा असला तरी प्रोसेसर तगडा लागतो. मोबाइलचे गेम इम्युलेटरवर (पीसीवर मोबाइलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खेळणाऱ्यांचंही थोडंफार असंच, कारण इम्युलेटरमध्ये बराच भार प्रोसेसर उचलतो. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (इम्युलेटरला लागणारी प्रोसेसरची सोय) चालू आहे का ते आधी बघा. ते बंद असल्यामुळं कित्येक चांगले पीसी अडखळतात आणि बोल मात्र प्रोसेसरला लागतो.

घरी आधीचा पीसी असेल तर अडतंय कुठं ते स्वतः तपासता येतं. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, नेहमीचा गेम लावा आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दाखवतोय ते बघा. सतत ९५ ते ९९ असेल तर कार्ड पूर्ण जोरात आहे, नवा प्रोसेसर घेऊन फ्रेम वाढायच्या नाहीत. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि फ्रेमही कमी पडताहेत, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय. खात्रीसाठी गेममधलं रेझोल्यूशन खाली आणा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर संशय खरा. एक सावधगिरी मात्र हवी. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतोय म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन कोरवरच चालतं. ते दोन कोर पूर्ण भरलेले आणि बाकीचे बरेचसे रिकामे असले तरी सरासरी कमीच दिसते. आणि प्रोसेसर-कार्डाची नावं टाकली की "अमुक टक्के बॉटलनेक", म्हणजे अडथळा, असा आकडा देणाऱ्या ज्या वेबसाइट आहेत, त्यांच्याकडं ढुंकूनही बघू नका. गेम कुठला, सेटिंग काय, हे न बघता असा एक आकडा काढताच येत नाही.

डब्यावरचं नाव वाचायचं कसं

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे फक्त त्या-त्या पिढीतले दर्जे आहेत. पिढी न सांगता नुसतं "आय-सेव्हन" म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. सेकंडहँड बाजारात "आय-सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी" अशी जाहिरात दिसते आणि आत निघतो आय७-४७७०, म्हणजे २०१३ सालचा चौथ्या पिढीचा, चार कोरचा प्रोसेसर. २०२२ सालचा आय५-१२४००एफ नावानं धाकटा, पण त्यात सहा कोर आहेत आणि त्याचा एकेक कोर त्या जुन्या आय-सेव्हनच्या कोरपेक्षा कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा आणि प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचा साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी असल्याशिवाय चालतच नाही. जुना आय-सेव्हन स्वस्तात पदरात पडला आणि ज्या गेमसाठी घेतला तोच सुरू होईना, असं व्हायला नको.

गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात त्याचा, आकडाही असाच फसवा. एएमडीनं २०१३ मध्येच एफएक्स-९५९० नावाचा ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बाजारात आणला होता. आजचा रायझन-५ ७६०० कमाल ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आकडे शेजारी-शेजारी, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक, कारण एका ठोक्याला किती काम उरकतं हे प्रत्येक पिढीत बदलत गेलं. एकाच पिढीतल्या दोन भावंडांची तुलना करायला गिगाहर्ट्झ ठीक, त्यापलीकडं तो आकडा बाजूला ठेवा.

कोर किती हवेत? प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही दोन्ही कन्सोल २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि दोन्हींत आठ कोरचा एएमडी प्रोसेसर आहे. मोठे गेम त्यांना समोर ठेवूनच बनतात. कन्सोलमधले ते कोर मात्र झेन-२ या जुन्या घडणीचे आणि कमी वेगाचे, त्यामुळं आजच्या पिढीचे सहा कोर आणि बारा थ्रेड (प्रत्येक कोरवर कामाच्या दोन रांगा) त्यांना सहज तोंड देतात. चार कोरवर व्हॅलोरंट छान चालेल, पण नवे मोठे गेम मधेच गचके देतात. माझं मत स्पष्ट आहे: नव्या पीसीत सहा कोरच्या खाली जाऊ नका, आणि फक्त गेमच खेळायचे असतील तर आठच्या वर जायचं कारण नाही. बारा-सोळा कोरचे पैसे वसूल होतात ते व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग असल्या कामात. इंजिनिअरिंगला असाल आणि त्याच मशीनवर अशी कामं रोज करणार असाल तर विचार जरूर करा.

आता गेमसाठी सगळ्यात मोलाची, आणि दुकानात सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट: कॅश. प्रोसेसरच्या पोटातच असलेली ही छोटी, अतिवेगवान मेमरी. हिशेबाला लागणारी माहिती तिथं सापडली तर काम लगेच होतं; नाही सापडली तर रॅमपर्यंत हेलपाटा, आणि त्याला कितीतरी पट वेळ लागतो. गेममध्ये पुढच्या क्षणी कुठली माहिती लागेल याचा नेम नसतो, म्हणून हे हेलपाटे फार होतात. एएमडीनं २०२२ च्या एप्रिलमध्ये रायझन-७ ५८००एक्स३डी आणला तेव्हा हे लख्ख दिसलं. साधा ५८००एक्स कमाल ४.७ गिगाहर्ट्झचा आणि हा ४.५ चा, म्हणजे उलट थोडा हळू. कोर दोघांतही आठच. फरक एवढाच की चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून एल३ कॅश ३२ एमबीवरून ९६ एमबी केली होती. तरी बहुतेक गेममध्ये हा हळू प्रोसेसर पुढं गेला. २०२३ चा ७८००एक्स३डी आणि २०२४ च्या नोव्हेंबरमधला ९८००एक्स३डी याच घराण्यातले. ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोरच्या खाली नेला, त्यामुळं कोरची उष्णता कूलरपर्यंत नीट पोहोचते आणि वेगही जास्त ठेवता येतो.

मोठ्या कॅशचा फायदा सरासरी फ्रेमपेक्षाही पडत्या फ्रेममध्ये जास्त कळतो. सरासरी १२० दिसते, पण धुराचे बॉम्ब फुटले, पाच जण एकदम समोर आले की क्षणभर ४५ वर येते, आणि मॅच नेमकी त्याच क्षणी जाते. रिव्ह्यूमध्ये याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात: सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग. व्हिडिओ रिव्ह्यू बघताना सरासरीच्या आधी हा आकडा बघा.

कॅश कळली की एक सापळाही ओळखता येतो. रायझन-५ ५५०० आणि रायझन-५ ५६००. दोघांत सहा कोर, बारा थ्रेड, डबा सारखा, नावात जेमतेम शंभराचा फरक. पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे आणि ५५०० मध्ये १६. ५६०० पीसीआय एक्सप्रेस (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा रस्ता) ४.० वर चालतो, ५५०० फक्त ३.० वर. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० सारखी स्वस्त कार्डं पीसीआयच्या सोळापैकी आठच लेन वापरतात, तिथं ३.० मुळं आणखी थोडा फटका बसू शकतो. रायझन-७ ५७०० आणि ५७००एक्सची गतही हीच: 'एक्स' नसलेल्यात कॅश निम्मी. दुकानदारानं हातानं लिहून दिलेल्या कोटेशनवर "रायझन ७, ५७००" एवढंच असेल तर पुढचं अक्षर विचारून घ्या.

बाकीची अक्षरं झटपट सांगतो. इंटेलमध्ये 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवता येणारा), पण त्यासाठी झेड मालिकेचा महाग मदरबोर्ड हवा आणि कूलर वेगळा घ्यावा लागतो. एएमडीमध्ये 'जी' म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स. कार्डाला आत्ता पैसे नसतील तर ८६००जी सारख्यावर हलके गेम निघतात. मात्र दोन-तीन महिन्यांत कार्ड घ्यायचंच असेल तर 'जी'च्या वाटेला जाऊ नका, कारण त्यातही कॅश कमीच असते.

मग घ्यायचा कुठला?

बजेट अगदी हात आखडून असेल तर १२४००एफ किंवा रायझन-५ ५६००. दोन्ही सहा कोरचे, दोन्हींच्या डब्यात कूलर येतो, दोन्ही डीडीआर४, म्हणजे आधीच्या पिढीच्या, रॅमवर चालतात. १०८०पीवर मध्यम कार्डाला ते पुरून उरतात. घरी जुन्या पीसीची डीडीआर४ रॅम पडून असेल तर हा मार्ग आणखी शहाणपणाचा, कारण २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत.

थोडं पुढं जाता येत असेल तर माझी पसंती रायझन-५ ७६०० ला. याचं खरं कारण सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, आहे. एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि २०२७ पर्यंत व त्यापुढंही ते चालवू असं कंपनीनं जाहीर केलंय. आधीच्या एएम४ चा अनुभवही चांगला आहे. २०१७ साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. म्हणजे आज ७६०० घेऊन खेळायला लागायचं आणि नोकरी लागल्यावर त्याच बोर्डावर एखादा एक्स३डी चढवायचा, हा रस्ता मोकळा राहतो. इंटेलचं एलजीए१७०० सॉकेट १४ व्या पिढीपाशी थांबलं. त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला, जी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आली, वेगळं एलजीए१८५१ लागतं, आणि गेममध्ये ती मालिका १४ व्या पिढीच्या पुढं ठामपणे गेली नाही.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीबद्दल एक गोष्ट माहीत हवीच. त्यातल्या जास्त वॅटच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे अस्थिर व्हायचे. गेम मधेच बंद पडणं हे त्याचं ठळक लक्षण. २०२४ मध्ये इंटेलनं ते मान्य केलं, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणून सेकंडहँड १३९००के किंवा १४९००के स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका.

१०८०पी, २४० हर्ट्झवर स्पर्धेसाठी खेळणाऱ्यांना आणि सिम्युलेशनवाल्यांना ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी. पण एवढा प्रोसेसर घेऊन कार्डाला पैसेच उरत नसतील तर खाली या. फक्त गेमसाठीच्या मशीनमध्ये कार्डाची किंमत प्रोसेसरच्या दुप्पट तरी असावी, असा माझा ठोकताळा आहे.

दुकानातून निघण्याआधी

सीलबंद डब्यातला प्रोसेसर मागा. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. 'ट्रे' म्हणून जो सुटा मिळतो तो थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विक्रेता देईल तेवढीच. डब्यावरचा सिरीयल नंबर बिलावर घालून घ्या. ७६०० च्या डब्यात कूलर असतो, ७६००एक्सच्या आणि एक्स३डीच्या डब्यात नसतो. दोन कोटेशन ताडून बघताना तो खर्च धरा, आणि भाव १८ टक्के जीएसटीसकट आहे का तेही विचारा.

बोर्ड जुन्या स्टॉकमधला आणि प्रोसेसर नव्या मालिकेचा असेल, उदाहरणार्थ बी६५० बोर्डावर रायझन ९०००, तर बायोस अपडेट केल्याशिवाय पडदा काळाच राहू शकतो. गडहिंग्लज-चंदगडकडून आलेल्या माणसानं तर दुकानातच चालू करून, बायोस अपडेट करून घ्यावं. त्यासाठी पुन्हा कोल्हापूरची फेरी कशाला? घरी करणार असाल तर यूपीएस लावून करा. बायोस लिहिला जात असताना लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही.

रॅमची एक कांडी घेण्यापेक्षा दोन घ्या. १६ जीबी हवी तर ८ आणि ८, म्हणजे दोन्ही चॅनेल वापरले जातात आणि प्रोसेसर उपाशी राहत नाही. घरी आल्यावर बायोसमध्ये इंटेलवर एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ वर एक्स्पो हे रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम मुकाट्यानं ४८०० वर चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की खरा वेग दिसतो. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्येच घाला. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये घातली आणि प्रोसेसर 'एफ' असेल तर काहीच दिसणार नाही, आणि ७६०० असेल तर चित्र दिसेल, पण गेम त्याच्या जुजबी ग्राफिक्सवर रखडत चालण्याची शक्यता जास्त. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदला. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वरच खेळणारी पोरं मी पाहिली आहेत.